शेकरूची उडी, चिलप्पनचा डोंगर

शुक्रवार : ताम्हरशेरीचा घाट

आदल्या दुपारी पनवेलला नेत्रावती एक्सप्रेस पकडली होती. सकाळी कोळिकोडला उतरलो, स्टेशनसमोर पुट्टू-कडला खाल्लं आणि कल्पेट्टाच्या एसटीत बसलो. सोबत मामा. मामा घोडेगावचे, निवृत्त मास्तर. डिंभ्यावरून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर कुठल्या झाडावर शेकरूचं घरटं आहे, हे त्यांना तोंडपाठ. दक्षिणेतलं काळ्या अंगाचं शेकरू एकदा डोळ्यांनी बघायचं, हा त्यांचा कैक वर्षांचा बेत. मला बघायचा होता बाणासुरा चिलप्पन. जगात फक्त वायनाड आणि त्याला लागून असलेल्या कोडगूच्या डोंगरमाथ्यांवर राहणारा हा गाणारा पक्षी. दोघांचं ठिकाण एकच निघालं, म्हणून तिकिटं एकत्र काढली.

"राज्यप्राणी आहे आमचा," मामांनी गाडीतच सुनावलं होतं. "तुझ्या पाखराला कोण ओळखतं?"

खोटं नव्हतं ते. शेकरूची चित्रं आपल्याकडे वनखात्याच्या भिंतीभिंतींवर. चिलप्पनचं नाव मी ऑफिसात सांगितलं तर एकीला तो केरळी पदार्थ वाटला. पण धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीत शेकरू 'चिंता नको' या रकान्यात आहे आणि चिलप्पन 'संकटग्रस्त' या. शेकरूची संख्या घटते आहे असं तीच यादी सांगते, तरी सातपुड्यापासून थेट सह्याद्रीच्या दक्षिण टोकापर्यंत ते पसरलेलं आहे. चिलप्पनची सगळी जहागीर म्हणजे डोंगरांची मोजकी डोकी.

ताम्हरशेरीच्या घाटात नऊ वळणं आहेत आणि प्रत्येकावर नंबराची पाटी. मामा वळणं मोजत नव्हते. खिडकीतून मान वर करून रस्त्यावर आलेल्या फांद्या बघत होते आणि पुटपुटत होते, "इथं बसेल... इथं नाही बसणार... इथं बसेल." शेकरूची उडी फार तर सहा मीटरची. दोन पदरी रस्ता सात मीटरचा, शिवाय कडेला साफ केलेली पट्टी. म्हणजे वरती दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींकडे झुकल्या असतील तरच रस्ता ओलांडता येतो. नाहीतर खाली उतरावं लागतं, आणि खाली उतरलेलं शेकरू म्हणजे कुत्र्याच्या तोंडाशी किंवा चाकाखाली. भीमाशंकरच्या रस्त्याला मामा हाच हिशेब करत जातात म्हणे. घाट संपेपर्यंत मलाही तो नाद लागला.

माथ्यावर लक्किडीला साखळदंड बांधलेलं झाड आहे. हा घाट इंग्रजांना दाखवणाऱ्या करिंतंडन या आदिवासी तरुणाला, श्रेय आपल्यालाच मिळावं म्हणून साहेबानं मारलं आणि पुढं त्याचा त्रास होऊ नये म्हणून त्याचा आत्मा या झाडाला जखडला, अशी इथली गोष्ट. मामा उतरून साखळीला हात लावून आले. "वाट दाखवणाऱ्याचं हे असंच होतं," एवढंच बोलले.

शनिवार : पडिंजारत्तरा

मुक्काम बाणासुरा सागर धरणाजवळच्या एका मळ्यात. अंगणभर रोबस्टा कॉफीची फळं वाळत घातलेली. उठायचं, चहा घ्यायचा आणि त्यांच्या कडेकडेनं चालायचं. वर सिल्व्हर ओक आणि पांगारे, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल. मधूनमधून फणस, आंबा आणि कुणी लावलेली नसावीत अशी जुनी रानझाडं. भीमाशंकरसारखं दाट रान नाही, पण वरून फांद्या फांद्यांना लागलेल्या.

साडेसातच्या सुमारास डोक्यावर खडखडाट सुरू झाला. मामांनी कप खाली ठेवला. "आलं."

उंबराच्या जातीचं मोठं झाड होतं, बारीक फळांनी लगडलेलं. फांदीच्या टोकाशी शेकरू मागच्या दोन पायांनी उलटं लोंबकळत होतं, डोकं खाली. लांबलचक शेपटी फांदीच्या दुसऱ्या बाजूला सोडलेली, तिच्या वजनानं तोल राखलेला. पुढच्या दोन्ही पंजांत फळ धरून ते फिरवत होतं. दुर्बिणीतून पंजा नीट दिसला. अंगठा जवळपास नाहीच. त्या जागी आतल्या बाजूला रुंद, जाड गादी. तिच्यावर फळ टेकवायचं आणि बाकीच्या बोटांनी वळवायचं. पुढचे दात नारिंगी. एका फळाचे दोन चावे, की उरलेलं खाली. टप. पुन्हा नवं. खाली कॉफीच्या पानांवर अर्धवट फळांचा सडा पडलेला.

रंग मात्र आमच्या ओळखीचा नव्हता. खांदे, कंबर आणि शेपटी काळी कुळकुळीत, पाठीच्या मधल्या भागावर तांबडा पट्टा, पोट आणि पुढचे पाय पिवळट. भीमाशंकरचं शेकरू यापेक्षा फिकं, शेपटीचं टोक पांढरट. जात एकच, पण मुलूख बदलला की अंगरखा बदलतो. डांगच्या जंगलात तर एक जवळजवळ पांढरट वाण होतं, ते संपलं असं मानतात.

"हे आपलं नाही," मामा बराच वेळानं म्हणाले. मग स्वतःच दुरुस्ती केली, "आपलंच आहे. कोकणस्थ-देशस्थ असतं तसं."

मळ्याच्या मालकाला आमचं कौतुक कळेना. त्याच्या लेखी मलयण्णान, म्हणजे शेकरू, हा कोकोच्या शेंगा फोडणारा आणि शहाळ्यांना भोकं पाडणारा चोर. पण मारत नाही, असं तो दोनदा म्हणाला. त्यानं दाखवलेलं घरटं पायवाटेपासून चांगलं उंच होतं, काटक्या आणि पानांचा फुटबॉलहून मोठा गोळा, तीन झाडांच्या फांद्या मिळतात तिथं बांधलेला. एका शेकरूची अशी दोन-चार घरटी असतात. कुठं झोपायचं, कुठं पिलं वाढवायची ते वेगळं. जागा निवडताना पळायला किती वाटा आहेत हे आधी बघितलं जातं, असा मामांचा अभ्यास आहे. झाड एकटं असलं तर ते कितीही उंच असो, शेकरू तिथं घर करत नाही.

मालकानं एक पट्टा मात्र गेल्या वर्षी विकला होता. सिल्व्हर ओक कापून नेलेले, कॉफी उघडी पडलेली, मध्ये पस्तीस-चाळीस पावलांची मोकळी जागा. सकाळचं ते शेकरू त्या कडेपर्यंत येऊन थांबलं, फांदीच्या टोकाला दोनदा वरखाली झालं आणि माघारी फिरलं. पलीकडं फणसाची झाडं होती.

रविवार : बाणासुराचा चढ

वनखात्याचं तिकीट, सोबत वाटाड्या. इथं एकट्यानं वर जायची सोय नाही आणि ती नसलेलीच बरी, कारण वाटेवर हत्तीचं ताजं शेण होतं. वाटाड्या याच डोंगराच्या पायथ्याचा. आम्ही त्याला चेट्टन म्हणायला लागलो, म्हणजे दादा. मामा त्याच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, तरी त्यांच्याही तोंडी चेट्टनच बसलं. त्याचं हिंदी मोडकं, माझं मल्याळम शून्य. पक्ष्यांच्या नावांवर काम चाललं.

धरणाचं पाणी समुद्रसपाटीपासून साधारण ७७५ मीटरवर, बाणासुराचं टोक २,०७३ मीटरवर. मधल्या या १,३०० मीटरमध्ये रान कितीदा कूस बदलतं! सुरुवातीला उंच सदाहरित झाडं, वेत, धनेशाच्या पंखांचा घरघराट. शेकरूचा खडखडाट दोनदा ऐकू आला, एकदा शेपटीही दिसली. मामा जीवधनला पोत्यासह चढलेला माणूस, पण इथल्या दमट चढानं त्यांनाही घाम फोडला. हजाराच्या वर गेल्यावर झाडांची उंची कमी कमी होत गेली, खोडं वेडीवाकडी, शेवाळानं माखलेली. चेट्टन म्हणाला, इथून पुढं मलयण्णान क्वचित. नोंदी बघितल्या तर शेकरू २,००० मीटरच्या वरही सापडलेलं आहे, त्यामुळे थंडीचं त्याला वावडं नाही. पण बुटक्या, वाऱ्यानं पिंजलेल्या झाडांवर एवढ्या मोठ्या धुडानं घरटं बांधायचं कुठं आणि उडी मारायची कशी?

माथ्याकडं गवताळ उतार सुरू झाले आणि त्यांच्या घळींमध्ये दाटीवाटीनं बसलेली रानं. यांना शोला म्हणतात. आपल्याकडच्या देवरायांएवढी लहान, काही तर त्याहूनही. घळीच्या कडेला कारवीच्या कुळातली झुडपं आणि रानरासबेरीची काटेरी जाळी. चेट्टननं बसायची खूण केली. काळा-नारिंगी माशीमार पाच हातांवर येऊन गेला, तरी तो हलला नाही.

मग आवाज आला. एकानं सुरुवात केली, चढत जाणारी खुदखुद. दुसऱ्यानं ती मध्येच उचलली, तिसऱ्यानं वरच्या पट्टीत नेली, आणि क्षणात जाळीतून पाच-सहा गळे एकदम. मामा दचकले. "हसतंय काय?"

हसतातच ते. इंग्रजीत यांच्या सगळ्या गोतावळ्यालाच हसरे कस्तुर म्हणतात. इतका आवाज, आणि पक्षी कुठंच नाही. जाळीतली पानं हलायची, आवाज तीन हात सरकायचा. शेवटी एक वर आला, रासबेरीच्या काटेरी दांडीवर, माझ्या गुडघ्याच्या उंचीला. मैनेपेक्षा थोडा लहान. डोळ्यावर पांढरी आखूड भुवई, हनुवटी काळी, गळा आणि छाती राखाडी, पोट विटकरी. पिकलेली रासबेरी त्यानं मुळापाशी धरून ओढली, निसटली, पुन्हा धरली, गिळली. चोचीला लागलेला रस दांडीवर दोन्ही बाजूंनी पुसला. मग आत. मागोमाग दुसरा त्याच दांडीवरून गेला. अख्खी टोळी अशी एकामागून एक, एका झुडपातून दुसऱ्यात, कधी दोन हात तर कधी चार. घळीच्या टोकाशी उघडं गवत लागलं तिथून सगळे मागं वळले आणि आल्या वाटेनं परत.

मी मामांकडं बघितलं. त्यांनाही काल सकाळचं शेकरू आठवलं असणार, कारण म्हणाले, "याचीपण उडी बसत नाही की गं."

याला पंख आहेत, तरी बसत नाही. हीच तर त्याची सगळी हकिकत आहे. हा पक्षी साधारण १,४०० मीटरच्या खाली फारसा येत नाही. पलीकडं चेम्ब्राचा डोंगर दिसत होता, त्यामागं वेळ्ळरीमला. तिथंही त्याचेच भाईबंद. उडायला अंतर काहीच नाही, पण मध्ये वायनाडचं उबदार पठार, मळे, गावं. तो तिकडं जात नाही, तिकडचा इकडं येत नाही. चलियार नदीच्या खोऱ्यापलीकडं नीलगिरीवर त्याचा चुलत भाऊ आहे, तांबूस छातीचा. पालघाटच्या खिंडीपलीकडं पळणीच्या डोंगरावर आणखी एक, आणि अगदी दक्षिणेला अशंबूच्या डोंगरात चौथा. समुद्रात बेटं असतात तशी ही डोंगरमाथ्यांची बेटं, मध्ये समुद्राऐवजी उष्ण हवा. बराच काळ या सगळ्यांना हिमालयातल्या हसऱ्या कस्तुरांच्या वंशात धरत. २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकं तपासून दाखवलं की यांचा वंशच निराळा आहे, सह्याद्रीच्या माथ्यावर घडलेला. मग माँटेसिंक्ला ही नवी प्रजाती मांडली गेली. त्याच कामातून शोलातल्या निळ्या पाखरांचीही शोलिकोला ही वेगळी प्रजाती झाली.

यातल्या पळणीच्या चिलप्पनचं शास्त्रीय नाव फेअरबँकी. ते ज्यांच्यावरून पडलं ते सॅम्युएल फेअरबँक अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचं काम करायचे. हे सांगितल्यावर मामा एकदम खूश. "म्हणजे नगरकरानं शोधलं!" मिशनरी अमेरिकन होता ही बारीकशी अडचण त्यांनी डब्यातल्या चटणीबरोबर पोटात घातली.

उतरताना मात्र त्यांचा वाद पुन्हा उफाळला. शेकरू अडतं ते माणसानं केलेल्या फटीला. कुठं रस्ता, कुठं कापलेला पट्टा, कुठं देवळापुढचं पार्किंग. ते सुधारता येतं. झाड लावा, फांदी तोडू नका, अगदीच नाही तर दोर बांधा. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावरून असे झुलते पूल टाकलेत, ती माकडं ते वापरतात. "चिलप्पनला कोण पूल बांधणार?" मामांनी विचारलं. मला वाटतं यादीतला फरक इथंच आहे. हवा तापली की रानं वर सरकतात, आणि चिलप्पनलाही वर सरकावं लागेल. १,४०० वरून १,६००, मग १,८००. बाणासुरा २,०७३ मीटरला संपतो. शिवाय डोंगर सुळक्यासारखा, वर जाल तशी जागा आकसत जाणारी. शेकरूला मात्र खाली, वर, उत्तरेला, दक्षिणेला, कुठंही एखादं रान अजून शिल्लक आहे.

मामांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणून काय आमच्याकडं बघायचंच नाही का? चिंता नको म्हटलं की सगळे निवांत झोपतात." त्यांचंही बरोबर होतं. डांगचं ते पांढरट शेकरू जात शिल्लक असतानाच गेलं.

सोमवार

मामांचे गुडघे. दिवसभर अंगणात कॉफी वरखाली करायला मालकाच्या आईला मदत केली. संध्याकाळी मीनमुट्टीच्या धबधब्याऐवजी मेडिकलमध्ये जाऊन मलम आणलं.

मंगळवार : तोळपेट्टी आणि तिरुनेल्ली

सकाळी तोळपेट्टीच्या अभयारण्यात जीपनं. वायनाडचं हे टोक कर्नाटकाला लागून, इथं पानगळीचं कोरडं रान, सागवान, बांबू. जीपमधल्या बाकीच्यांना वाघ हवा होता. मिळाले हत्ती, गवे आणि चितळ. आम्हाला शेकरू मिळालं, सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर पाठ उन्हात टाकून पडलेलं, शेपटी एका बाजूला, चारी पाय दुसऱ्या. ड्रायव्हरनं थांबायला नाखुषी दाखवली, मामांनी मराठीत दटावलं, जीप थांबली.

सदाहरित जंगलातलं, कॉफीच्या मळ्यातलं आणि आता हे पानझडीतलं. एवढ्याशा जिल्ह्यात तीन तऱ्हेची रानं आणि तिन्हींत हा प्राणी नांदतो. फळ नसेल तर फूल, फूल नसेल तर कोवळी पानं, साल, बिया, किडे. वेळ पडली तर पक्ष्यांची अंडीही. चिलप्पनची फळं, मध आणि किडे खाण्याची यादीही काही लहान नाही. त्याला जखडलंय ते ताटानं नव्हे, हवेनं.

दुपारी तिरुनेल्लीला गेलो. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी विष्णूचं जुनं देऊळ, मागं रानातून येणारा पापनाशिनीचा ओढा, जिथं लोक पितरांची कार्यं करतात. मामांनी आजोबांच्या नावानं पाणी सोडलं. वर ब्रह्मगिरीच्या माथ्यावरही चिलप्पन आहे, पण तिकडं जायचा विषय मामांच्या गुडघ्यांपुढं काढला नाही. देवळाच्या ओसरीवरून नुसते ते डोंगर बघितले. केरळ संपून कोडगू कुठं सुरू होतं ते ढगांमुळं कळत नव्हतं.

परतताना मेप्पाडीवरून आलो. चेम्ब्राच्या पलीकडं, वेळ्ळरीमलाच्या उतारावरून ३० जुलै २०२४ च्या रात्री दरड आली आणि मुंडक्कै, चूरलमला ही गावं गेली, शेकडो माणसं गेली. बसमधल्या एका बाईंनी हात करून दिशा दाखवली. तिकडं आम्ही गेलो नाही. लोक फोटो काढायला जातात म्हणे, जाऊ नये. चिलप्पनची घरं त्याच डोंगरांच्या माथ्यावर आहेत, आणि त्याच डोंगरांच्या पायथ्याशी माणसं राहतात. माथ्यावरच्या रानाचं काय होतं याचा हिशेब पाखरांपाशी थांबत नाही.

बुधवार : कोळिकोड

कल्पेट्टाहून पहाटेची बस. घाट उतरताना मामांनी पुन्हा फांद्या मोजल्या आणि सातव्या वळणाशी ओरडले. रस्त्यावर दोन्हीकडच्या फांद्या भिडलेल्या, आणि वरून काळी शेपटी सर्रकन पलीकडं. मला शेपटीचं टोकच दिसलं. मामांना म्हणे अख्खं दिसलं.

गाडीला वेळ होता म्हणून मिठाई तेरुवात हलवा घेतला, काळा आणि केशरी. जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते : डिसेंबर-जानेवारीत जा. पुढं वणव्याचे दिवस सुरू झाले की वनखातं डोंगरवाटा बंद करतं, आणि पावसात तर प्रश्नच नाही. निघण्यापूर्वी फोन करून वाट चालू आहे का विचारा. वर रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावू नका; ते विणीच्या दिवसांत फार नडतं, आणि न वाजवताही ते एवढा गलका करतात की चुकणं कठीण.

नीलगिरीवरचा चुलत भाऊ बघायला मात्र एवढा चढ लागत नाही. ऊटीला दोड्डबेट्टाच्या रस्त्याकडेलाही तो दिसतो. हे मी फलाटावर सहज बोलून गेले. मामांनी हलव्याचा पुडा पिशवीत घातला आणि विचारलं, "तिकडं शेकरू आहे ना पण?"

"खालच्या रानात आहे. मुदुमलाईला."

"मग खाली दोन दिवस, वर एक," मामा म्हणाले आणि फलाटावरच्या चहावाल्याकडं ऊटीच्या गाड्यांची चौकशी करायला गेले.